परदेशातून बेस गिटार मागवताना: सीमाशुल्काचा हिशोब, कागदपत्रे आणि मराठवाड्याच्या हवेत वाद्य सांभाळणे

मराठवाड्यातल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांत आजही बेसचे, म्हणजे गाण्यातल्या सर्वांत खालच्या स्वरांचे, काम कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे असते. लग्नसराईतले कार्यक्रम असोत, गणेशोत्सव असो किंवा एप्रिलमधल्या जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम असोत, मंचावर लीड गिटार दिसते, ऑक्टोपॅड दिसतो, ढोलकी दिसते. चार जाड तारांची बेस गिटार मात्र क्वचितच दिसते. गेल्या काही वर्षांत परभणी, नांदेड, लातूर, जालना या शहरांतली मुलेमुली हे वाद्य आवडीने शिकू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्याकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: परदेशी संकेतस्थळावर बेस स्वस्त दिसते, ती मागवावी का आणि मागवली तर कस्टमचे किती पैसे भरावे लागतील? ज्यांनी परदेशातून कधी काहीच मागवलेले नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचे उत्तर मी येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: आयात करण्याची गरज आहे का, ते ठरवा

वाद्य हातात घेऊन, त्याची मान, म्हणजे तारांखालची लांब पट्टी, चाचपून, चारही तारा वाजवून पाहिल्याशिवाय पहिली बेस विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई गाठता येते; तेथे किंवा पुण्यात दिवसभर दुकाने फिरून चार-पाच बेस वाजवून पाहण्याचा खर्च एका परदेशी पार्सलच्या निम्म्या भाड्याइतकाही होत नाही. शिवाय परदेशी दुकानातून घेतलेल्या वाद्याची वॉरंटी बहुतेक वेळा त्या देशापुरतीच चालते, ही गोष्ट किमतीची तुलना करताना सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही आयात करण्याची खरी कारणे असतात. डावखुऱ्या वादकाला भारतातल्या दुकानांत मनासारखी बेस मिळणे फार कठीण जाते. फ्रेटलेस, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेली, बेस किंवा लहान स्केलची बेस हवी असेल, तरीही पर्याय थोडेच असतात. ज्याचा हात पाच-सात वर्षे बसला आहे आणि ज्याला ठराविक मॉडेलच हवे आहे, त्यालाही मी अडवणार नाही.

मोजमापाची थोडी माहिती येथे आवश्यक आहे, कारण पुढे भाडे आणि पेटीचा आकार त्यावरच ठरतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंच हे तारेच्या लांबीचे माप रूढ झाले आणि आजही बहुसंख्य बेस त्याच मापाच्या असतात. लहान स्केलच्या बेसमध्ये हे माप ३० इंचांच्या आसपास असते. लहान हातांच्या वादकाला ते सोयीचे पडते. चार तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावलेल्या असतात. त्यातली सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते, तर पाच तारांच्या बेसमधली बी तार सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत खाली उतरते. घरातल्या लहान स्पीकरला हे स्वर पेलत नाहीत, म्हणून वाद्याच्या पैशांतून ॲम्पचे, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राचे, पैसे आधीच बाजूला काढावेत.

ॲम्प मात्र परदेशातून मागवू नका. अमेरिकेतली विद्युत उपकरणे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असतात. तिकडचा ॲम्प आपल्या सॉकेटमध्ये थेट लावला तर तो जळण्याचीच शक्यता अधिक. बेसच्या सोबत वायरलेस संच मागवण्याचा मोहही टाळा, कारण बिनतारी उपकरणांना भारतात वेगळी मान्यता लागते आणि त्या एका डबीपायी संपूर्ण पार्सल अडकून पडते.

दुसरी पायरी: खरी किंमत काढा

संकेतस्थळावर दिसणारी किंमत म्हणजे हिशोबाची केवळ सुरुवात होय. युरोपातील दुकानांच्या किमतींत तेथला मूल्यवर्धित कर बहुधा आधीच मिळवलेला असतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे. देशाबाहेर जाणाऱ्या मालावर हा कर लागत नाही. म्हणजे ६०० युरो लिहिलेली बेस भारताचा पत्ता टाकल्यावर सुमारे ५०४ युरोंची व्हायला हवी. पत्ता भरल्यावरही आकडा बदलला नाही, तर दुकानाला लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

त्यानंतर भाड्याकडे वळावे. आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या पार्सलचे खरे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे अधिक असेल, त्यावर भाडे लावतात. आकारमानाचे वजन काढण्याची रूढ रीत अशी आहे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ५,००० ने भागावे. बेसची पेटी समजा १२५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि १८ उंच आहे. तर गुणाकार १,०१,२५० होतो आणि वजन सव्वावीस किलो भरते. प्रत्यक्षात बेस साधारण चार किलोंची असते आणि पेटी-बॅगेसह पार्सल सात-आठ किलोंच्या वर जात नाही. म्हणून पेटीची मापे दुकानाकडून आधीच मागवून घ्यावीत.

तिसरी पायरी: शुल्क कशावर आणि कसे लागते, ते समजून घ्या

हा भाग सावकाश वाचावा, कारण नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. बेसच्या छापील किमतीवर टक्केवारी लावून शुल्क येते, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. सीमाशुल्क आकारले जाते ते वाद्याची किंमत, भारतापर्यंतचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर. भाड्याचा पुरावा नसेल, तर २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार वाद्याच्या किमतीच्या २० टक्के रक्कम भाडे म्हणून धरली जाते. विम्याचा पुरावा नसेल, तर १.१२५ टक्के. विमानाने आलेल्या मालाचे भाडे प्रत्यक्षात कितीही झालेले असो, मूल्य ठरवताना ते किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. विदेशी चलनाचे रुपयांत रूपांतर करताना बँकेचा दर चालत नाही, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने अधिसूचित केलेला दर लागतो.

या बेरजेवर तीन थर चढतात. पहिला मूळ सीमाशुल्काचा. दुसरा समाजकल्याण अधिभाराचा, जो मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के असतो; वस्तूच्या किमतीशी त्याचा थेट संबंध नसतो. तिसरा एकात्मिक वस्तू व सेवा कराचा, आणि हा कर आधीची बेरीज व हे दोन्ही थर मिळून होणाऱ्या रकमेवर लागतो. करावर कर का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. आयात झालेली वस्तू देशात बनलेल्या वस्तूच्या बरोबरीला आणून मग तिच्यावर जीएसटी लावायचा, असा त्यामागचा विचार आहे.

दरपत्रकात ९२ वे प्रकरण वाद्यांचे आहे. साध्या, लाकडी पोटाच्या गिटारी ९२०२ या शीर्षात, म्हणजे दरपत्रकातल्या वर्गात, येतात; ज्यांचा आवाज विजेच्या साहाय्याने वाढवावा लागतो अशी वाद्ये ९२०७ मध्ये, आणि इलेक्ट्रिक बेस त्यांतच मोडते. व्यापारासाठी आयात करणाऱ्याला हे शीर्ष लागू होते. तुम्ही स्वतःच्या वापरासाठी कुरिअरने किंवा टपालाने एक बेस मागवता, तेव्हा ती सहसा ९८०४ या वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या शीर्षाखाली येते. या शीर्षाचा मूळ दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात झाली. अर्थसंकल्पातल्या एका ओळीने वाद्याच्या किमतीत किती फरक पडतो, हे पुढच्या हिशोबात दिसेल. म्हणूनच ऑर्डर देण्याच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे दर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर्षभरापूर्वी मित्राने भरलेल्या दरावर विसंबणे धोक्याचे आहे.

उदाहरण घेऊ. बेसची किंमत ६०,००० रुपये, भाडे ९,००० रुपये आणि विमा १.१२५ टक्क्यांनी ६७५ रुपये; शुल्कपात्र मूल्य ६९,६७५ रुपये झाले. मूळ शुल्क १० टक्के धरले तर ६,९६७.५० रुपये आणि त्यावरचा अधिभार ६९६.७५ रुपये. येथवरची बेरीज ७७,३३९.२५ रुपये. तिच्यावर १८ टक्के दराने एकात्मिक कर १३,९२१ रुपये. एकूण शुल्क जवळपास २१,५८५ रुपये, म्हणजे शुल्कपात्र मूल्याच्या ३०.९८ टक्के. हाच हिशोब मूळ शुल्क २० टक्के धरून केला, तर एकूण शुल्क ३०,६२९ रुपयांवर जाते. एकाच बेसमागे नऊ हजारांहून अधिक रुपयांचा हा फरक आहे. त्यात कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क आणि कार्डावरचे चलनबदलाचे शुल्क मिळवा. साठ हजारांची बेस घरी येईपर्यंत नव्वद हजारांच्या पुढे जाते, हे कागदावर मांडून आईवडिलांना दाखवा आणि त्यानंतरच ऑर्डर द्या.

ज्यांचा ऑर्केस्ट्रा जीएसटीत नोंदणीकृत आहे, त्यांनी मात्र कर सल्लागाराशी बोलून व्यवसायाच्या नावाने आयात करण्याचा विचार करावा. त्यासाठी आयात-निर्यात संकेतांक लागतो. वैयक्तिक वापराच्या आयातीला तो लागत नाही. व्यवसायाच्या आयातीत भरलेला एकात्मिक कर नियमांत बसत असेल तर पुढे वळता करून घेता येतो, पण मूळ सीमाशुल्क आणि अधिभार परत मिळत नाहीत.

चौथी पायरी: कागदपत्रे पार्सलच्या आधी तयार ठेवा

मी पहिली बेस मागवली, तेव्हा ती मुंबईत उतरल्यानंतर अकरा दिवस अडकून पडली होती. चूक माझीच होती. ऑर्डर देताना मी फक्त नाव लिहिले, आडनाव लिहिले नाही. पत्त्यात घर क्रमांक होता, पण आधार कार्डावरचा पत्ता आमच्या गावाकडचा होता. कुरिअर कंपनीने ओळखपत्र मागितले, मी आधार पाठवले, आणि दोन्हींचा मेळ बसेना. अकरा दिवसांपैकी चार दिवस तर मी एका अनोळखी क्रमांकावरून येणारे फोन घेतलेच नाहीत, कारण ते फसवणुकीचे असावेत असे मला वाटत होते. गोदामात पडून राहिल्याचे पैसे शेवटी मलाच भरावे लागले.

तेव्हापासून मी एक लहानशी शिस्त पाळतो. ऑर्डरवरचे नाव, आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव अक्षरशः एकसारखे ठेवतो. आधार, पॅन किंवा पासपोर्ट यांपैकी जे ओळखपत्र द्यायचे असेल, त्याची स्वच्छ प्रत फोनमध्ये काढून ठेवतो. दुकानाचे बीजक, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा आणि संकेतस्थळावरच्या त्या मॉडेलच्या पानाचे छायाचित्र असे तीन कागद एका फोल्डरमध्ये ठेवतो, कारण अधिकाऱ्याला जाहीर केलेल्या किमतीविषयी शंका आली की नेमके हेच मागितले जातात. बीजकावर वस्तूचे वर्णनही नीट असावे: इलेक्ट्रिक बेस गिटार, नवीन, चार तारा, मॉडेल, बनावटीचा देश. नुसते वाद्य किंवा भेटवस्तू असे लिहून आलेले पार्सल उघडून तपासले जाण्याची शक्यता वाढते.

भेटवस्तूबद्दल आणखी एक गोष्ट. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क लागत नाही, असे आजही अनेकजण सांगतात. ही सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. राखी आणि जीवनरक्षक औषधे एवढेच अपवाद उरले. त्यामुळे विक्रेत्याला पार्सलवर भेट असे लिहायला सांगून काहीही वाचत नाही. किंमत कमी लिहायला सांगणे तर त्याहून वाईट आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ नुसार खोट्या जाहीर किमतीचा माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ नुसार दंडही होतो. त्या मॉडेलची खरी किंमत अधिकारी फोनवर दोन मिनिटांत पाहू शकतो. शिवाय वाटेत वाद्य मोडले, तर विम्याची भरपाईही त्या खोट्या, कमी किमतीवरच मिळते.

वापरलेली बेस परदेशातून मागवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. भांडवली वस्तू सोडून इतर जुन्या वस्तूंची आयात आपल्या परकीय व्यापार धोरणात प्रतिबंधित गटात आहे आणि तिला परवाना लागतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या बेसचे छायाचित्र पाहून मन ओढ घेते, हे मी जाणतो. पण ती बंदरावर अडकून पडलेली पाहणे फार क्लेशकारक असते.

लाकडाविषयीही येथेच सांगतो. पुष्कळ बेसचा फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटे ठेवण्याची पट्टी, शिसवी लाकडाचा असतो. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सर्व जातींवर आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराचे निर्बंध आले आणि वाद्यांसोबत प्रमाणपत्रे मागितली जाऊ लागली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन शिसव मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. नवीन, कारखान्यात बनलेल्या बेसच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. फक्त बीजकावर किंवा विक्रेत्याच्या ईमेलमध्ये लाकडाचे नाव लिहून घ्यावे.

पाचवी पायरी: शुल्क भरणे आणि पार्सल सोडवणे

कुरिअरने येणाऱ्या पार्सलची कागदोपत्री प्रक्रिया कुरिअर कंपनीच करते. ती आधी शुल्क भरते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करते, किंवा दुवा पाठवून तुमच्याकडून आधीच भरून घेते. शुल्कासोबत लावलेले स्वतःचे सेवाशुल्क किती, हे ती वेगळे दाखवते. तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. टपालाने आलेल्या पार्सलचे शुल्क विदेश टपाल कार्यालयात ठरते आणि वाटपाच्या वेळी टपाल खाते ते घेऊन पावती देते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी एक सूचना: कुरिअर कंपनी तुमच्या पिनकोडवर स्वतः येते की माल पुढे दुसऱ्या कंपनीच्या हाती सोपवते, ते ऑर्डरपूर्वी विचारून घ्या. हात बदलला की आदळआपट वाढते. माझ्या ओळखीतले अनेकजण छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडमधल्या नातेवाइकांचा पत्ता देतात आणि तेथून बेस स्वतः घेऊन येतात. मलाही हा मार्ग सुरक्षित वाटतो.

शुल्काच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीपासून सावध राहा. सीमाशुल्क अधिकारी व्यक्तिगत बँक खात्यात किंवा फोनवरच्या यूपीआय क्रमांकावर कधीही पैसे मागत नाहीत. नोव्हेंबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. संदेशातला दुवा उघडण्याऐवजी कुरिअर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पार्सलचा क्रमांक टाकावा.

आकारलेले शुल्क चुकीचे वाटले, तर भांडण न करता बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या सीमाशुल्क नोंदपत्राची, प्रत मागून घ्या. त्यावर शीर्ष, मूल्य, दर आणि प्रत्येक थराची रक्कम दिलेली असते. वरच्या पद्धतीने हिशोब करून पाहा. शीर्ष किंवा मूल्य खरोखर चुकले असेल, तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त, अपील, यांच्याकडे दाद मागता येते. वाद्य सदोष निघाले आणि ते परत पाठवायचे ठरले, तर सीमाशुल्क अधिनियमाचे कलम २६अ उपयोगी पडते. माल वापरलेला किंवा दुरुस्त केलेला नसेल आणि सोडवणुकीचा आदेश झाल्यापासून ३० दिवसांत परत निर्यात झाला, तर आयात शुल्काचा परतावा मागता येतो. म्हणूनच सदोष बेस स्थानिक कारागिराकडे नेण्याची घाई करू नका. आधी छायाचित्रे काढा आणि विक्रेत्याला व कुरिअरला त्याच दिवशी लिहा.

नातेवाइकासोबत आणायची असेल तर

दुबईतला मामा किंवा अमेरिकेतली ताई सुट्टीवर येणार असेल, तर बेस त्यांच्या सामानातून आणणे हा बऱ्याचदा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. २०१६ च्या बॅगेज नियमांत विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्कमुक्त आणता येत; २०२६ च्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५,००० रुपये केली. मर्यादेवरच्या रकमेवर शुल्क भरावे लागते. दोन प्रवाशांच्या सवलती एकत्र करून एकाच वस्तूला लावता येत नाहीत. काका-काकू दोघेही येत आहेत म्हणून दुप्पट किमतीची बेस चालेल, हा समज चुकीचा आहे. वस्तू मर्यादेच्या वर असेल तर ताईने विमानतळावरच्या लाल मार्गाने, म्हणजे शुल्क लागणाऱ्या वस्तू जाहीर करण्याच्या रांगेतून, जाऊन बीजक दाखवावे आणि शुल्क भरून पावती घ्यावी. विमानतळावर ताईवर खोटे बोलण्याची वेळ येऊ देऊ नका. आपल्या हौसेपायी घरच्या माणसाला अशा प्रसंगात लोटणे मला अजिबात मान्य नाही. विमान कंपनीचे जादा लांबीच्या सामानाचे शुल्क मात्र आधी विचारून ठेवावे, कारण बेसची पेटी नेहमीच्या सुटकेसच्या मापात बसत नाही.

सहावी पायरी: पेटी उघडताना

पार्सल दारात आले की उघडण्याआधी त्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे घ्या. कस्टमने तपासलेल्या पेटीवर वेगळी चिकटपट्टी असते. तीही छायाचित्रात येऊ द्या. नंतर पेटी घरात सावलीत आडवी ठेवा आणि किमान बारा तास, जमल्यास पूर्ण दिवस, हात लावू नका. विमानाच्या पोटातल्या गारठ्यातून आलेले लाकूड आणि रंगाचा थर मे महिन्यातल्या चाळीस अंशांत एकदम उघडला, तर रंगाला बारीक तडे जाऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी चित्रफीत सुरू ठेवूनच उघडा. सर्वांत आधी मान जेथे डोक्याला, म्हणजे तारांच्या खुंट्या असलेल्या टोकाला, मिळते ती जागा पाहा, मागून आणि बाजूंनी, उजेडात तिरपी धरून. पेटी आदळली असेल तर केसाएवढी बारीक भेग बहुधा तेथेच असते, आणि ती बोटाला आधी जाणवते व डोळ्यांना नंतर दिसते. त्यानंतर बेस सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने जाड तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या जागी तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहा. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठीक समजावी. फट त्याहून पुष्कळ जास्त किंवा अजिबात नसेल, तर मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मानेचा वाक कमीजास्त करणारी धातूची सळी, फिरवावा लागतो. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि जोर लावावा लागत असेल तर थांबून जाणकाराकडे जावे.

सातवी पायरी: मराठवाड्याच्या हवेत बेस जपणे

शुल्क भरताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी नंतर वाद्याची घेत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. आपल्या भागात उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी होते आणि लाकूड आकसते. फ्रेटची धातूची टोके फिंगरबोर्डच्या कडेला किंचित बाहेर येतात आणि मान पुढे-मागे करताना तळहाताला टोचू लागतात. वैशाखात हे जाणवले तर टोके लगेच घासून टाकू नका. पाऊस पडल्यावर लाकूड थोडे भरते आणि टोचणे कमी होते; भर पावसाळ्यातही टोचत राहिले, तरच कारागिराकडून घासून घ्यावे. मान उन्हाळ्यात एका बाजूला आणि पावसाळ्यात दुसऱ्या बाजूला झुकते, त्यामुळे वर्षातून दोनदा, मृग लागल्यावर आणि दिवाळीनंतर, ट्रस रॉडची फट तपासण्याची सवय लावावी.

कूलरचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत उन्हाळाभर पाण्याचा कूलर चालतो. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर उभी असलेली बेस दिवसभर ओल्या हवेत राहते आणि कूलर बंद झाल्यावर रात्रभर कोरड्या, तापलेल्या हवेत. मान या चढउताराला सर्वाधिक कंटाळते, आणि निकेलच्या तारांवर महिन्याभरात तपकिरी डाग येतात. वाद्य कूलरच्या विरुद्ध कोपऱ्यात, बंद बॅगेत ठेवावे. वाजवून झाल्यावर चारही तारा वरून आणि खालून कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात.

जयंतीच्या आणि लग्नाच्या हंगामात कार्यक्रमाहून कार्यक्रमाला जाताना बेस टेम्पोच्या मागच्या भागात स्पीकरच्या पेट्यांखाली ठेवू नये. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर ती कधीच सोडू नये, कारण तेथे पिकअपचे, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागाचे, मेण आणि मानेचा गोंद यांनाही धोका असतो. मंचावर पोहोचल्यावर आधी अर्थिंगची खात्री करावी. गावोगावच्या मांडवांत जोडलेल्या तात्पुरत्या विजेला अर्थिंग नसले, तर बेसमधून घरघर ऐकू येते आणि तारांना हात लावल्यावर झटकाही बसू शकतो. साउंडवाल्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा, की अर्थिंग मिळाल्याशिवाय वाद्य जोडणार नाही. ॲक्टिव्ह बेसमध्ये, म्हणजे आत स्वतःचे विद्युत सर्किट असलेल्या बेसमध्ये, ९ व्होल्टची बॅटरी असते; वायरचा जॅक लावलेला राहिला तर ती वाजवत नसतानाही संपते, म्हणून कार्यक्रम संपताच जॅक काढावा.

बीजक, शुल्काची पावती आणि बिल ऑफ एंट्री यांच्या प्रती घरी जपून ठेवा, आणि एक संच बेसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातही ठेवा. कधी ऑर्केस्ट्रासोबत परदेशी कार्यक्रमाला जायचे झाले, तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क कार्यालयात बेस आणि हे कागद दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर वाद्याचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक बहुधा डोक्याच्या मागे किंवा मान जोडलेल्या पट्टीवर सापडतो. परतताना हे प्रमाणपत्र दाखवले की तीच बेस नव्याने आणलेली समजली जात नाही आणि तिच्यावर पुन्हा शुल्क भरावे लागत नाही.